विश्लेषण : ‘कृत्रिम सूर्य’ पेटला, मग विजेचे घोडे कुठे पेंड खाते?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी १९२ लेझर किरणांचा मारा करून मिरीएवढ्या एका गोळीत अणुसंमीलन घडवण्यात आले. लेझरने नेलेली ऊर्जा होती २.०५ मेगाज्यूल आणि बाहेर पडली ३.१५ मेगाज्यूल. घातलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा प्रयोगशाळेतील संमीलनातून मिळाल्याची ही पहिलीच नोंद. मात्र घरच्या वीजबिलाच्या भाषेत ही ऊर्जा एका युनिटापेक्षाही कमी होती. त्यातून जेमतेम १० लिटर पाणी उकळले असते. ते लेझर चालवण्यासाठी प्रयोगशाळेला सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट वीज लागली होती. मग जगभर जल्लोष कशाचा झाला? आणि ‘कृत्रिम सूर्य’ पेटल्याच्या बातम्या वारंवार येत असताना त्याची वीज घराघरांत का येत नाही?

अणुसंमीलन म्हणजे काय? तारापूरला होते ते हेच का?

नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्रात विखंडन होते. युरेनियमचे जड केंद्रक फुटते आणि ऊर्जा बाहेर पडते. संमीलनात, म्हणजे न्यूक्लिअर फ्यूजनमध्ये, याच्या उलट घडते. दोन हलकी केंद्रके एकत्र येऊन त्यांच्यापेक्षा जड केंद्रक तयार होते. दोन्ही प्रक्रियांत शेवटी उरलेले वस्तुमान सुरुवातीच्या वस्तुमानापेक्षा किंचित कमी भरते. आइन्स्टाईनच्या प्रसिद्ध सूत्रानुसार ही तूट ऊर्जेच्या रूपाने मिळते.

पृथ्वीवर संमीलन घडवण्यासाठी सर्वांत सोयीची जोडी म्हणजे ड्युटेरियम आणि ट्रिटियम. दोन्ही हायड्रोजनचीच भावंडे. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात फक्त एक प्रोटॉन असतो. ड्युटेरियममध्ये त्याच्या जोडीला एक न्यूट्रॉन असतो, तर ट्रिटियममध्ये दोन. ही दोन केंद्रके जोडली गेली की हेलियमचे केंद्रक तयार होते आणि एक न्यूट्रॉन सुटा होतो. निघालेल्या ऊर्जेपैकी सुमारे ८० टक्के ऊर्जा हा न्यूट्रॉन घेऊन जातो, उरलेली २० टक्के हेलियमकडे राहते. ही वाटणी लक्षात ठेवायला हवी, कारण या तंत्रज्ञानातील बहुतेक आशा आणि बहुतेक अडचणी तिच्यातूनच निघतात.

या इंधनाच्या एका ग्रॅममधून मिळू शकणारी ऊर्जा उत्तम प्रतीचा सुमारे ११ टन कोळसा जाळल्याएवढी असते. धूर नाही, राख नाही, कार्बन डायऑक्साइड नाही. एवढ्या मोठ्या आमिषामुळेच गेली सात दशके अनेक देश या संशोधनावर पैसा खर्च करत आले आहेत.

सूर्यात दीड कोटी अंश पुरतात, मग इथे १५ कोटी का?

केंद्रकांवर धन विद्युतभार असतो, त्यामुळे ती एकमेकांना दूर ढकलतात. ती अगदी जवळ आली तरच त्यांना जोडणारे बल काम करू लागते. तेवढे जवळ येण्यासाठी प्रचंड वेग लागतो, आणि कणांचा वेग म्हणजेच तापमान.

सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस आहे. तेथील पदार्थ गुरुत्वाकर्षणाने दाबला जाऊन पाण्याच्या सुमारे दीडशे पट घन झाला आहे. तरीही तेथील संमीलन अत्यंत संथ चालते. गाभ्याच्या एका घनमीटर भागातून साधारण पावणेतीनशे वॉट एवढीच ऊर्जा निघते. घरातले तीन-चार जुने पंखे चालतील इतकीच. सूर्य तळपतो तो त्याच्या अवाढव्य आकारामुळे.

पृथ्वीवर ना तसे गुरुत्वाकर्षण आहे, ना तेवढी जागा. इथे छोट्या जागेतून भरपूर ऊर्जा काढायची तर प्रक्रिया कितीतरी वेगाने घडायला हवी. म्हणून सोयीचे इंधन निवडावे लागते आणि ते सूर्याच्या गाभ्याच्या दहापट, म्हणजे सुमारे १५ कोटी अंशांपर्यंत तापवावे लागते. ‘कृत्रिम सूर्य’ हे नाव त्या अर्थाने थोडे दिशाभूल करणारे आहे. सूर्याची नक्कल केली तर कोणतेही वीज केंद्र तोट्यातच जाईल.

एवढे तापलेले इंधन ठेवतात कशात?

एवढ्या तापमानाला वायू वायू राहत नाही. अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युतभारित कणांचा रस्सा तयार होतो. तो म्हणजे प्लाझ्मा, पदार्थाची चौथी अवस्था. आकाशात चमकणारी वीज, पेटलेली ट्यूबलाइट आणि सूर्य ही त्याची ओळखीची रूपे. कोणत्या तापमानाला किती अणूंचे असे आयनीभवन होते हे सांगणारे समीकरण भारतीय शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले होते.

प्लाझ्माचे कण विद्युतभारित असल्याने ते चुंबकीय क्षेत्राच्या रेषांभोवती गोल गोल फिरत राहतात, सहसा रेषा सोडत नाहीत. म्हणजे चुंबकीय क्षेत्र हेच न दिसणारे भांडे. पण सरळ नळीसारखे भांडे केले तर कण दोन्ही टोकांनी निसटतात. म्हणून नळी वाकवून तिची टोके जोडली जातात आणि मेदूवड्यासारखा आकार मिळतो. तेवढ्यानेही भागत नाही. अशा कड्यात आतल्या बाजूला चुंबकीय क्षेत्र जास्त आणि बाहेरच्या बाजूला कमी असते, त्यामुळे कण हळूहळू भिंतीकडे सरकतात. त्यावर उपाय म्हणून चुंबकीय रेषांना पीळ द्यावा लागतो.

हा पीळ देण्यासाठी खुद्द प्लाझ्मामधूनच विद्युतप्रवाह सोडण्याची कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ इगोर ताम आणि आंद्रेई साखारोव्ह यांच्या कामातून १९५० च्या दशकात पुढे आली. ‘चुंबकीय वेटोळी असलेला कडीच्या आकाराचा कक्ष’ अशा अर्थाच्या रशियन शब्दांच्या आद्याक्षरांतून या यंत्राला ‘टोकामॅक’ हे नाव मिळाले. दुसरा मार्ग ‘स्टेलरेटर’चा. त्यात प्लाझ्मामधून प्रवाह न सोडता बाहेरची वेटोळीच वेडीवाकडी घडवून रेषांना पीळ देतात. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथील ‘वेंडेलस्टाइन ७-एक्स’ हे असे यंत्र २०१५ पासून सुरू आहे.

टोकामॅकमधला प्लाझ्मा हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असतो. त्यामुळे भांडे वितळण्याआधी प्लाझ्माच थंड होऊन विझण्याची भीती जास्त. तो उसळतो, वळवळतो, आणि कधी तोल जाऊन काही मिलिसेकंदांत कोसळतो. तसे झाल्यास साठलेली सारी उष्णता भिंतीच्या एखाद्या भागावर आदळते. हा चंचल प्लाझ्मा काबूत ठेवणे हेच या संशोधनाचे मुख्य काम राहिले आहे.

पूर्वीचे दावे फसले होते का?

हो, आणि तो इतिहास उपयोगाचा आहे. ब्रिटनमधील हारवेल येथे ‘झीटा’ नावाच्या यंत्रातून न्यूट्रॉन निघताना दिसले आणि जानेवारी १९५८ मध्ये संमीलन साधल्याचे जाहीर झाले. वृत्तपत्रांनी मोठे मथळे दिले. पण ते न्यूट्रॉन तापलेल्या प्लाझ्मामधील संमीलनाचे नसल्याचे निष्पन्न झाले आणि काही महिन्यांतच दावा मागे घ्यावा लागला.

दहा वर्षांनी, १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ‘टी-३’ टोकामॅकमध्ये सुमारे एक कोटी अंश तापमान गाठल्याचे सांगितले. ‘झीटा’ने तोंड पोळलेल्या पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. तेव्हा सोव्हिएत बाजूने ब्रिटिश शास्त्रज्ञांनाच मोजमापासाठी बोलावले. शीतयुद्ध भरात असताना ब्रिटिश पथक आपली लेझर उपकरणे घेऊन मॉस्कोला गेले. १९६९ मध्ये त्यांच्या मोजमापातून दावा खरा ठरला आणि जगभरातील प्रयोगशाळा टोकामॅककडे वळल्या. या क्षेत्रात दाव्याला वजन येते ते दुसऱ्याने मोजून पाहिल्यावर, हा धडा तेव्हापासूनचा.

‘पेटला’ असे केव्हा म्हणायचे?

नुसते तापमान पुरत नाही. ब्रिटिश अभियंते जॉन लॉसन यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले की तीन गोष्टी एकाच वेळी जमून याव्या लागतात. तापमान किती, कणांची घनता किती आणि उष्णता किती वेळ टिकून राहते. तिघांचा गुणाकार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरच संमीलन स्वतःच्या बळावर चालू शकते.

ओल्या लाकडांची चूल आठवून पाहावी. फुंकणीने फुंकत राहिले तोवर ज्वाळा दिसते, थांबले की विझते. लाकडे नीट पेटली की फुंकणी बाजूला ठेवता येते. प्लाझ्माला बाहेरून दिलेली उष्णता ही फुंकणी. संमीलनातून निघालेले हेलियम आपल्याकडची २० टक्के ऊर्जा प्लाझ्मालाच परत देते, तेच पेटलेल्या लाकडाचे काम.

लॉसन यांच्या कसोटीला उतरण्याचे दोन मार्ग आहेत. टोकामॅक विरळ प्लाझ्माची उष्णता काही सेकंद टिकवण्याचा प्रयत्न करतो. लेझरच्या पद्धतीत इंधनाची गोळी इतकी प्रचंड दाबली जाते की एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात काम उरकते. २०२२ मधील जल्लोष याचा होता. त्या गोळीत हेलियमच्या उष्णतेने इंधन स्वतःहून पेटत गेले. भौतिकशास्त्राचा एक जुना प्रश्न तेव्हा सुटला. वीज केंद्राचा प्रश्न त्याने सुटणार नव्हता.

‘घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा’ हा हिशेब नेमका कुठला?

बातम्यांमधला सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो. ऊर्जेचा हिशेब तीन ठिकाणी मांडता येतो. पहिला इंधनापाशी. म्हणजे इंधनापर्यंत पोहोचलेली ऊर्जा आणि इंधनातून निघालेली ऊर्जा. दुसरा कारखान्याच्या मीटरपाशी. म्हणजे ग्रिडमधून एकूण किती वीज घेतली. तिसरा ग्राहकापाशी. म्हणजे निघालेल्या उष्णतेची वीज करून सगळा खर्च वजा जाता किती उरली.

लिव्हरमोरचा विजय पहिल्या हिशेबातला होता. तिथे दीडपट ऊर्जा मिळाली. दुसऱ्या हिशेबात ८३ युनिटांच्या बदल्यात एक युनिटही आले नाही. पुढे २०२५ मध्ये याच प्रयोगशाळेत एका माऱ्यातून ८.६ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे २.४ युनिट ऊर्जा निघाली. प्रगती मोठी आहे, पण वीज केंद्रासाठी असे मारे सेकंदाला सुमारे दहा वेळा करावे लागतील आणि ही यंत्रणा दिवसाला एक-दोनच करू शकते. शिवाय या प्रयोगशाळेचे मुख्य काम अमेरिकेच्या अण्वस्त्रसाठ्याच्या विश्वासार्हतेचा अभ्यास हे आहे, वीजनिर्मिती नव्हे.

टोकामॅकचा हिशेब वेगळा नाही. ब्रिटनमधील कल्हम येथील ‘जेट’ या युरोपीय यंत्राने १९९७ मध्ये प्लाझ्मा तापवण्यासाठी २४ मेगावॉट घेऊन संमीलनातून १६ मेगावॉट दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच यंत्राने अवघ्या ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे १९ युनिट ऊर्जा काढून विक्रम केला आणि त्याच वर्षाअखेरीस ते निवृत्त झाले. पहिल्या हिशेबातही ते नफ्यात कधी आले नाही.

फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘आयटर’चे उद्दिष्ट ५० मेगावॉट उष्णता प्लाझ्मात घालून ५०० मेगावॉट मिळवण्याचे आहे. ‘दहापट ऊर्जा’ हा आकडाही पहिल्या हिशेबाचाच. चुंबक थंड ठेवणे, पंप चालवणे, प्लाझ्मा तापवणे यांसाठी या प्रकल्पाला ११० मेगावॉटपासून काही क्षणांसाठी ६२० मेगावॉटपर्यंत वीज लागणार आहे. ५०० मेगावॉट उष्णतेची वीज केली असती तर ती साधारण २०० मेगावॉटच्या आसपास भरली असती. म्हणूनच ‘आयटर’मध्ये टर्बाइन बसवलेलेच नाही. तो प्रयोग आहे, वीज केंद्र नाही, आणि प्रकल्पाने तसा दावाही केलेला नाही.

चीन आणि फ्रान्सच्या वेळेच्या विक्रमांचा अर्थ काय?

जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या हेफेई येथील ‘ईस्ट’ टोकामॅकने प्लाझ्मा १,०६६ सेकंद टिकवला. पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या ‘वेस्ट’ टोकामॅकने तो विक्रम मोडून १,३३७ सेकंद, म्हणजे २२ मिनिटांहून थोडा अधिक काळ गाठला. वीज केंद्र महिनोन्‌महिने अखंड चालायचे तर हे कौशल्य लागणारच आहे.

पण या प्रयोगांत फुंकणी शेवटपर्यंत चालू होती. बाहेरून उष्णता देत प्लाझ्मा स्थिर ठेवला गेला. त्यात ट्रिटियम नव्हते आणि संमीलनातून उपयोगाची ऊर्जा काढण्याचा उद्देशही नव्हता. ‘जेट’ने ऊर्जा दाखवली, पण पाच सेकंदांपुरती. ‘ईस्ट’ आणि ‘वेस्ट’ने वेळ दाखवला, पण ऊर्जेविना. लिव्हरमोरने फुंकणीविना पेटणे दाखवले, पण क्षणभरासाठी. तिन्ही गोष्टी एकाच यंत्रात अजून आलेल्या नाहीत.

इंधन समुद्रातून अमर्याद मिळते, हे खरे का?

अर्धे खरे. एक हजार लिटर पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम ड्युटेरियम असते आणि ते वेगळे करण्याचे तंत्र जुने आहे. ज्या ‘जड पाण्या’त साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असते, त्याचा कारखाना रायगड जिल्ह्यात थळ येथेही आहे.

अडचण ट्रिटियमची आहे. ते किरणोत्सर्गी असून सुमारे १२.३ वर्षांत निम्मे उरते, त्यामुळे निसर्गात त्याचा साठा जवळपास नाहीच. आज ते मुख्यतः जड पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्यांमध्ये ओघाने तयार होते. तारापूरचे तिसरे आणि चौथे युनिट याच प्रकारातले. नागरी वापरासाठीचे ट्रिटियम प्रामुख्याने कॅनडातील अशा भट्ट्यांमधून येते आणि जगातला त्याचा साठा २५ ते ३० किलोच्या आसपास असल्याचा अंदाज दिला जातो. याउलट एक हजार मेगावॉट वीज देणाऱ्या संमीलन केंद्राला वर्षाकाठी १०० किलोहून अधिक ट्रिटियम जाळावे लागेल.

म्हणजे केंद्राने आपले इंधन आपणच पिकवायला हवे. त्यासाठी प्लाझ्माभोवती लिथियमचे जाड वेष्टन असेल. सुटा झालेला न्यूट्रॉन लिथियमवर आदळला की ट्रिटियम तयार होते. पण इथेही हिशेब काटेकोर आहे. एका संमीलनात एक ट्रिटियम खर्च होते आणि एकच न्यूट्रॉन मिळतो. त्यातले काही न्यूट्रॉन यंत्राच्या सांगाड्यात वाया जाणार. ही तूट भरण्यासाठी वेष्टनात बेरिलियम किंवा शिसे मिसळून न्यूट्रॉनची संख्या वाढवावी लागते. हे गणित कागदावर जुळते. पूर्ण आकाराच्या यंत्रात ते अजून कोणीही करून दाखवलेले नाही.

अपघाताचा आणि कचऱ्याचा धोका किती?

फुकुशिमासारखा गाभा वितळण्याचा प्रकार इथे घडू शकत नाही. विखंडनाच्या भट्टीत अनेक महिन्यांचे इंधन एकाच वेळी भरलेले असते आणि साखळी प्रक्रिया थांबल्यावरही उष्णता बराच काळ निघत राहते. संमीलनाच्या कक्षात कोणत्याही क्षणी एखाद्या ग्रॅमपेक्षाही कमी इंधन असते आणि काहीही बिघडले तरी प्लाझ्मा विझतो. तो पेटता ठेवणे अवघड आहे, विझवणे नाही.

तरी ‘किरणोत्सर्गमुक्त ऊर्जा’ म्हणणे चूक ठरेल. ८० टक्के ऊर्जा घेऊन निघालेले न्यूट्रॉन भिंतीवर सतत आदळतात. त्यांच्यामुळे धातूच्या रचनेतील अणू जागचे हलतात, आत हेलियमचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि पोलाद ठिसूळ होत जाते. भिंतीचे भाग किरणोत्सर्गी होतात आणि ठरावीक काळाने रोबोंच्या मदतीने बदलावे लागतात. योग्य मिश्रधातू वापरल्यास हा कचरा काही दशके ते शंभरेक वर्षे सांभाळावा लागेल. विखंडनातील काही कचऱ्याप्रमाणे हजारो वर्षे नव्हे. ट्रिटियमही तापलेल्या धातूतून झिरपते आणि पाण्यात सहज मिसळते, त्यामुळे त्याचा ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवावा लागेल. एवढे तीव्र न्यूट्रॉन वर्षानुवर्षे झेलून कोणता धातू किती टिकेल, हे तपासण्यासाठी स्पेनमधील ग्रानादा येथे स्वतंत्र केंद्र उभारले जात आहे. वीज केंद्र परवडेल की नाही, हे बऱ्याच अंशी भिंती किती वेळा बदलाव्या लागतील यावर ठरेल.

‘आयटर’ एवढे का रखडले आणि भारताचा वाटा काय?

रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्या १९८५ मधील जिनिव्हा भेटीत संयुक्त संमीलन प्रकल्पाची कल्पना पुढे आली. प्रत्यक्ष करार नोव्हेंबर २००६ मध्ये झाला. युरोपीय संघ, भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया आणि अमेरिका असे सात भागीदार आहेत. प्रत्येक भागीदार आपल्या देशात सुटे भाग बनवून दक्षिण फ्रान्समधील कादाराश येथे पाठवतो. यामुळे तंत्रज्ञान सगळ्यांना मिळते, पण मिलिमीटरच्या अचूकतेने जुळायला हवेत असे अजस्र भाग वेगवेगळ्या खंडांत बनतात. करोनाकाळाचा खोळंबा झालाच, शिवाय निर्वात कक्षाच्या भागांच्या कडा नीट जुळत नसल्याचे आणि उष्णतारोधक कवचाच्या नळ्यांना तडे गेल्याचे आढळले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार संशोधनाला २०३४ मध्ये सुरुवात होईल आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचे खरे प्रयोग २०३९ मध्ये. अतिरिक्त खर्च सुमारे पाच अब्ज युरो.

भारताचा वाटा सुमारे नऊ टक्के आहे आणि तो मुख्यतः वस्तुरूपात दिला जातो. त्यातला सर्वांत डोळ्यात भरणारा भाग म्हणजे ‘क्रायोस्टॅट’. उणे २६९ अंशांवर काम करणारे चुंबक आणि त्यांच्या आतला १५ कोटी अंशांचा प्लाझ्मा, या साऱ्याला पोटात घेणारा हा पोलादी थर्मास सुमारे २९ मीटर उंच, जवळपास तेवढाच रुंद आणि ३,८५० टन वजनाचा आहे. ‘लार्सन अँड टुब्रो’च्या हजिरा येथील कारखान्यात त्याचे भाग बनले. त्याचा तळ मे २०२० मध्ये जागेवर बसवला गेला.

भारतातील संशोधन गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालते. प्रधिमन कृष्ण काव यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या संस्थेत ‘आदित्य’ हा देशातील पहिला टोकामॅक १९८९ मध्ये सुरू झाला. अतिसंवाहक चुंबक असलेल्या ‘एसएसटी-१’मध्ये २०१३ मध्ये प्लाझ्मा तयार झाला. दोन्ही यंत्रे आकाराने लहान असली, तरी ‘आयटर’साठी लागणारे अभियंते आणि अनुभव तिथूनच आला.

खासगी कंपन्या आधी पोहोचतील का?

तसा त्यांचा दावा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून २०१८ मध्ये निघालेल्या ‘कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स’ने २०२१ मध्ये नव्या अतिसंवाहक फितींपासून २० टेस्लाचा चुंबक बनवून दाखवला. चुंबकीय क्षेत्र दुप्पट झाले तर तेवढ्याच जागेतून मिळू शकणारी संमीलन ऊर्जा सुमारे १६ पट होते, त्यामुळे यंत्र बरेच लहान करता येते. ‘आयटर’ची रचना ठरली तेव्हा या फिती औद्योगिक प्रमाणावर मिळत नव्हत्या. या कंपनीच्या नियोजित केंद्रातून २०० मेगावॉट वीज घेण्याचा करार गुगलने २०२५ मध्ये केला. ‘हेलियन’ या कंपनीने २०२८ पासून मायक्रोसॉफ्टला वीज देण्याचा करार केला आहे.

मोठ्या डेटा सेंटरना रात्रंदिवस वीज हवी असल्याने पैसा येत आहे. पण लहान यंत्रातही न्यूट्रॉन तितकेच तीव्र असतात. उलट भिंतीच्या दर चौरस मीटरवर त्यांचा मारा वाढतो. ट्रिटियमचा प्रश्नही लहान यंत्रामुळे सुटत नाही. खासगी स्पर्धेने पहिल्या हिशेबातला नफा लवकर दिसू शकेल. तिसऱ्या हिशेबाबाबत असे खात्रीने म्हणता येत नाही.

मग वीज केव्हा?

१९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरील पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभा यांच्याकडे होते. नियंत्रित संमीलनाचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी तिथे केले होते. सात दशके उलटली. भाभांचा अंदाज चुकला, पण दिशा चुकली नाही. तापमान साधले, प्लाझ्मा आवरता आला, इंधन स्वतःहून पेटल्याचेही दिसले. उरले आहे ते अभियांत्रिकीचे काम. ट्रिटियम पिकवणे, भिंत टिकवणे आणि हे सारे परवडणाऱ्या दरात करणे.

‘आयटर’चे खरे प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हायचे असतील तर त्या अनुभवावर उभे राहणारे वीज केंद्र शतकाच्या मध्याआधी दिसणे कठीण. भारताने कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्यासाठी २०७० हे वर्ष ठरवले आहे. त्या वाटचालीच्या शेवटच्या टप्प्यात संमीलनाची मदत होऊ शकते. पण कोळसा कधी कमी करायचा, सौर ऊर्जा किती उभारायची, ती साठवायची कशी, हे निर्णय याच दशकात घ्यायचे आहेत आणि ‘कृत्रिम सूर्य’ त्यांच्यावर उतारा नाही.

यापुढे अशी बातमी मोबाइलवर आली की तीन प्रश्न विचारावेत. नफा इंधनापाशी मोजला की मीटरपाशी? प्लाझ्मा किती वेळ टिकला आणि तेव्हा फुंकणी चालू होती का? खर्च झालेले ट्रिटियम यंत्राने स्वतः पिकवले का? तिन्हींची उत्तरे एकाच यंत्राकडून समाधानकारक मिळतील, तेव्हा वीजबिलावर संमीलनाचे पहिले युनिट दिसण्याची वेळ जवळ आली असे म्हणता येईल.